मेणबत्त्या करायला सुरुवात करताय? आधी एवढं बघा

ताई, दिवाळीसाठी घरीच मेणबत्त्या करायचं ठरवलंत हे लय भारी, पण लगेच सुगंध अन् डिझाइनच्या नादी लागू नका, आधी साध्या पांढऱ्याच करा.

मेणाचं पातेलं डायरेक्ट गॅसवर ठेवायचं नाही. मोठ्या पातेल्यात पाणी उकळा अन् त्यात मेणाचा डबा ठेवा, पॅराफिन (मेणबत्तीचं नेहमीचं मेण) साधारण ५५-६० डिग्रीला वितळतं त्यामुळं मोठ्या आचेची गरजच नाही. चुकून मेण पेटलं तर पाणी अजिबात ओतू नका, भडका उडतो. गॅस बंद करून झाकण टाकायचं.

नवीन लोक हमखास चुकतात ते:
- वात. बारीक असली की मेणात बुडून विझते, जाड असली की काजळी धरते. आधी वितळलेल्या मेणात बुडवून सरळ वाळवा, मग साच्यात मधोमध ताणून बांधा.
- खायचा रंग. मेणात मिसळतच नाही.
- गार झाल्यावर वातीजवळ खड्डा पडतो, घाबरू नका, थोडं मेण राखून ठेवा अन् वरून परत ओता.

आणि आपल्याकडं परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत उभ्या मेणबत्त्या वाकतात, म्हणून उन्हाळ्यात जाड काचेच्या ग्लासातल्याच करा. पहिली जमली की फोटो टाका.