वाचक विचारतात: शेडखाली शिरणारा तो केसाळ भुंगा

प्रश्न: मी लीड्सला (यूके) राहते. मार्च लागला की बागेत बोराएवढा केसाळ, काळ्यापिवळ्या पट्ट्यांचा भुंगा जमिनीलगत घुं घुं करत फिरतो आणि शेडखालच्या भोकात शिरतो. पुण्याहून आलेल्या सासूबाई म्हणतात भुंगाच आहे, काही करत नाही. नवरा म्हणतो पोळं व्हायच्या आत स्प्रे मार. काय करू? आणि जाता जाता, मागच्या वर्षी ग्रीनहाऊसमधल्या टोमॅटोला फुलं भरपूर आली पण फळ धरलंच नाही, ते का?

उत्तर: ताई, आधी तो स्प्रे कपाटात ठेवा. तो भुंगा नाही, ती आहे, बंबल बीची (मधमाशीच्याच कुळातली केसाळ, गुबगुबीत माशी) राणी, आणि सध्या एकटीच आहे. सासूबाईंचंही फार चुकलं नाही म्हणा, आपल्याकडचा लाकूड कोरणारा काळा भुंगा तिचा लांबचा नातेवाईकच, पण बंबल बीला थंडी मानवते, भारतात ती भेटते हिमालयात, पुण्यात नाही.

तर ही बाई मागच्या उन्हाळ्यात जन्मली, नराशी जोडी जमली आणि मग सहाएक महिने मातीत एकटीच झोपून राहिली. आता क्रोकसच्या फुलांवर पोट भरायचं आणि जागा बघायची. उंदराचं जुनं बीळ मिळालं तर मस्तच, आत गवताची गादी आयती असते. तिथे ती परागकणांचा गोळा करून त्यावर अंडी घालते, शेजारी मेणाचं इवलंसं मडकं करून त्यात मध भरते आणि चक्क कोंबडीसारखी अंड्यांवर बसते! पंख न हलवता नुसते पंखांचे स्नायू थरथरवून अंग तापवते, बाहेर कितीही गारठा असो, खाली 30 डिग्रीच्या आसपास ऊब. 4-5 आठवड्यांनी पहिल्या कामकरी माश्या निघतात, तोवर सगळं हिच्या एकटीवर, म्हणजे आत्ता ही एक मेली की आख्खं घराणंच संपलं. आणि पोळं म्हणाल तर जास्तीत जास्त काही शे माश्या, थंडी पडेपर्यंत त्याही मरतात, उरतात फक्त नव्या राण्या. बिळात काठी घातलीत तर मात्र चावेल हां.

आता टोमॅटो. त्याचे पराग नळीत बंद असतात, मिठाच्या डबीसारखं टोकाला भोक, हलवल्याशिवाय पडत नाहीत. बंबल बी फुलाला उलटी लटकते, जबड्याने नळी पकडते आणि तेच स्नायू थरथरवते, भुर्रकन पराग अंगावर. मधमाशीला हे जमत नाही. चावल्याचा तपकिरी डाग फुलावर दिसतो, ग्रीनहाऊसवाले तोच बघून ठरवतात की माशी येऊन गेली. तुमच्या ग्रीनहाऊसचं दार बहुतेक बंदच असणार. यंदा दिवसा उघडं ठेवा, आणि तरी माशी फिरकली नाहीच तर इलेक्ट्रिक टूथब्रश चालू करून फुलाच्या देठाला लावा. जुना घ्या, नवऱ्याचा नको.