मापासकट सांग

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. पहिला क्रूझ प्रवास आटोपून घरी आल्यावर बॅग उघडलीस, कपड्यांना अजून जहाजावरच्या लाँड्रीचा वास होता, आणि तो जाऊ नये म्हणून बॅग पुन्हा बंद करून ठेवलीस, हे वाचून मी पत्र मांडीवर ठेवून बराच वेळ गप्प बसले. माझ्या पहिल्या प्रवासानंतर मीही असंच काहीतरी केलं होतं.

आता क्रूझ करणाऱ्या आपल्या मंडळींना तुझ्या आठवणी सांगायच्या आहेत, जहाजावर आवडलेल्या पदार्थांच्या कृती द्यायच्या आहेत, आणि ते कसं करावं असं तू विचारलं आहेस. मला सांगण्यासारखं एकच आहे. जे सांगशील ते मापासकट सांग. हे मी कशी शिकले ते आधी ऐक.

जेवणाच्या हॉलमधले दिवे मंद करून वेटर मंडळी बेक्ड अलास्का या आइस्क्रीमच्या गोड पदार्थाची मिरवणूक काढतात, ती तू पाहिली असशील. आमच्या टेबलावर एक जोडपं असायचं. त्यातल्या यजमानांना हा पदार्थ फार प्रिय. मिरवणूक आली की ते रुमाल हवेत फिरवत उभे राहायचे. ते गेल्यानंतरच्या पहिल्या लग्नवाढदिवसाला त्यांच्या पत्नीने तो घरी करायचं ठरवलं आणि माझ्याकडे कृती मागितली. मी घाईत चार ओळी लिहून पाठवल्या: खाली केक, वर आइस्क्रीम, त्यावर मेरिंग म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या भागाचा गोड फेस, कडक ओव्हनमध्ये थोडा वेळ. त्यांनी तसंच केलं. ओव्हनचं दार उघडलं तेव्हा आइस्क्रीम ट्रेभर पसरलेलं होतं. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही, चव तीच होती म्हणाल्या. मला ते आजही टोचतं.

मग मी तो पदार्थ मनासारखा होईपर्यंत पुन्हा पुन्हा केला. तीन अंड्यांचा पांढरा भाग, १५० ग्रॅम साखर, चिमूटभर क्रीम ऑफ टार्टार, म्हणजे फेस टिकवणारी आंबट पूड. भांडं वाफाळत्या पाण्यावर धरून ढवळत ढवळत मिश्रण ७१ अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचं, कारण ओव्हनमधल्या तीन-चार मिनिटांत मेरिंग आतपर्यंत शिजत नाही आणि कच्च्या अंड्याची काळजी इथेच मिटवलेली बरी. मग उतरवून घट्ट शिखरं उभी राहीपर्यंत फेटायचं. केकचा थर दोन सेंटिमीटरचा, आइस्क्रीम त्याच्या कडेपासून एक सेंटिमीटर आत, आणि दोन्ही रात्रभर फ्रीझरमध्ये दगडासारखं होऊ द्यायचं. त्यावर मेरिंगचा दोन सेंटिमीटर जाड थर. हा थर केकच्या कडेवरून खाली उतरून ताटलीला टेकलाच पाहिजे. २३० अंश सेल्सिअसवर तीन ते चार मिनिटं, डोळा न हलवता. फेसात कोंडलेली हवा उष्णतेला सहजासहजी आत जाऊ देत नाही, खालून केक तेच काम करतो, पण कुठे बोटभर फट राहिली की गरम हवा तिथून आत शिरते. त्या दिवशी तेच झालं असणार. ‘ताटलीला टेकलाच पाहिजे’ एवढे तीन शब्द मी लिहिले असते तर त्यांची संध्याकाळ निराळी गेली असती.

म्हणून ‘थोडं’, ‘अंदाजे’, ‘चवीपुरतं’ हे शब्द कमीत कमी वापर. आपली मंडळी वेगवेगळ्या देशांतली आहेत, हे लक्षात ठेव. अमेरिकेतला कप साधारण २४० मिलिलिटरचा, मेट्रिक कप २५० चा. ऑस्ट्रेलियात मोठा चमचा २० मिलिलिटरचा असतो, बाकी बहुतेक ठिकाणी १५ चा. खायचा सोडा घालायचा असेल तर एवढा फरक पदार्थ बिघडवायला पुरतो. ओव्हनचं तापमान लिहिताना नुसतं ३५० लिहू नकोस. फॅरेनहाइटमधले ३५० म्हणजे सेल्सिअसमधले साधारण १७५. ग्रॅममध्ये लिहिलंस तर निम्मे प्रश्न उरतच नाहीत.

जहाजाच्या गॅलीतली, म्हणजे तिथल्या स्वयंपाकघरातली, कृती शंभर माणसांची असते. ती चार जणांवर आणताना सगळ्याला पंचविसाने भागलं की काम झालं, असं वाटतं. तसं होत नाही. सूप आटतं ते भांड्याच्या पसरटपणावर, केक भाजला जातो तो त्याच्या जाडीवर, त्यामुळे वेळ भागाकाराने निघत नाही. ती घरी करून, घड्याळ लावूनच लिहावी लागते. पावाचं मात्र सोपं आहे. बेकरीतली माणसं पीठ १०० धरतात आणि बाकी सगळं त्याच्या टक्क्यांत मोजतात. तुला आवडलेल्या त्या सकाळच्या मऊ रोलसाठी मीठ दोन टक्के धर, म्हणजे ५०० ग्रॅम पिठाला १० ग्रॅम. पाणी ६० टक्क्यांपासून सुरू कर आणि पीठ मागेल तसं वाढव, पण किती वाढवलंस ते लिहून ठेव.

कृती मागायची वेळही सांभाळ. जेवणाच्या गर्दीत वेटरला थांबवू नकोस. जहाज दिवसभर बंदराला न लागता चालत असतं, त्या सी डेला दुपारी विचार. ही माणसं घरापासून कित्येक महिने दूर असतात. २००६ च्या सागरी कामगार कराराने त्यांना चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती ठरवून दिली आहे. उलटा हिशेब करून बघ, कामाचे तास किती होऊ शकतात ते कळेल. कोणी विश्वासाने घरची अडचण सांगितली तर ती तुझ्यापाशीच राहू दे. कृती सांगताना ‘आमच्या वेटरने दिली’ एवढं पुरे, नाव नको. त्याच्या नोकरीवर काय बेतेल ते आपल्याला कळत नसतं.

आता आठवणी. तू लिहिलंस, ‘हिमनदी पाहिली, शब्दच नाहीत.’ शब्द आहेत, शोध. अलास्कात ग्लेशियर बे या खाडीत मार्जरी हिमनदीसमोर आमचं जहाज उभं होतं. डेकवर कोणी बोलत नव्हतं. हिमकड्याचा एक तुकडा सुटला आणि अगदी निःशब्द खाली आला. पाणी उडालं, तेही निःशब्द. मी मनात एक, दोन म्हणेपर्यंत गडगडाट पोचला. ध्वनीला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात, म्हणजे आम्ही किती लांब होतो ते त्या शांततेनेच सांगितलं. मी हे असं सांगते तेव्हा ऐकणारेही मधले ते दोन सेकंद थांबतात. आणखी एक, तिथे कप्तान जहाज हळूहळू जागच्या जागी फिरवतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना दिसतं. हे नव्या माणसाला सांगितलंस तर तो कठड्यापाशी रेटारेटी करणार नाही.

प्रत्येक आठवणीला साल घाल. पनामा कालव्यात माझं जहाज जुन्या लॉकमधून, म्हणजे पाणी भरून-सोडून जहाज वरखाली नेणाऱ्या हौदांमधून, गेलं होतं. त्या लॉकची रुंदी ३३.५ मीटर, जहाज ३२ मीटरच्या आसपास. खालच्या डेकवरून सिमेंटच्या भिंतीवरचं शेवाळ आणि गंजाचे ओघळ दिसत होते, हात लांबवला तर लागतील असे. भिंतीवरच्या रुळांवरून विजेची इंजिनं जाड तारांनी जहाजाला मधोमध धरून चालत होती. २०१६ मध्ये मोठी लॉक सुरू झाली, तिथे हे काम टगबोटी, म्हणजे जहाज ओढणाऱ्या छोट्या बोटी, करतात. माझं वर्णन वाचून कोणी मोठ्या जहाजाने गेला आणि ती इंजिनं शोधत बसला, तर चूक माझी. व्हेनिसचंही तेच. जहाजाच्या गच्चीवरून सेंट मार्कचा चौक पाहिल्याचं आम्ही जुनी माणसं सांगतो, पण १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना त्या वाटेने जायला बंदी आहे.

समुद्र खवळला होता, असंही नुसतं म्हणू नकोस. दुपारी कप्तान घोषणा करतो तेव्हा वही जवळ ठेव. बोफोर्ट या वाऱ्याच्या मोजपट्टीवर ८ म्हणजे ३४ ते ४० नॉट, ताशी साधारण ६३ ते ७४ किलोमीटर. सोबत तुझी केबिन कुठे होती तेही लिही. जहाजाच्या मध्यावर खालच्या डेकला हेलकावे सर्वांत कमी, टोकाला आणि वर सर्वांत जास्त. ज्याला समुद्र लागतो तो तुझ्या भरवशावर केबिन घेणार असतो.

चुकाही सांग. एका बंदरात आमच्यातले दोघं मोबाइलवरची वेळ पाहून परतले. मोबाइलने स्थानिक वेळ धरली होती, जहाजाची वेळ तासाने पुढे होती. धक्क्यावर आले तेव्हा जहाज बंदराबाहेर वळत होतं. त्यांनी ते मोकळेपणाने सांगितलं, तेव्हापासून मी मनगटावर साधं घड्याळ बांधते आणि ते जहाजाच्याच वेळेवर ठेवते.

राहिलं रोजचं जगणं. ते मध्ये आणू का, असं तू भीतभीत विचारलं आहेस. जरूर आण. मार्च २०२० मध्ये क्रूझ जहाजं जगभर थांबली आणि आमच्याकडे सांगायला प्रवासच उरला नाही. तेव्हा आम्ही काय बोललो? कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं गेलं, कोणाच्या कुंडीत पहिलं फूल आलं, कोणी जहाजावरचं गार स्ट्रॉबेरी सूप करून एकटीनेच टेबल मांडून जेवलं. ज्यांच्याशी मी वर्षातले दहा दिवस फक्त सूर्यास्तावर बोलायचे, त्यांची खरी ओळख त्या काळात झाली. त्यातले काहीजण आता नाहीत. त्यांच्या बंदरांच्या गोष्टींपेक्षा, कोण चहात किती साखर घ्यायचं ते मला जास्त आठवतं.

बेक्ड अलास्काच्या त्या बाई आहेत अजून. दरवर्षी त्या तारखेला करतात आणि कापलेल्या तुकड्याचा फोटो पाठवतात. मेरिंग ताटलीला टेकलेलं असतं. मी आधी तेच बघते.

तुझे रोल या आठवड्यात करून बघ. पहिली खेप घट्ट झाली तरी कळव. पाणी किती घातलंस ते लिहायला विसरू नकोस, म्हणजे मीही इथे तेवढंच घालून बघेन.

तुझी,
मावशी