संघर्षग्रस्त भागातील मदतीसाठी धार्मिक संस्थेला निधी द्यावा का?

आपला प्रश्न असा आहे की, सशस्त्र संघर्ष चालू असलेल्या भागासाठी आपल्या गटाने जमवलेला निधी एखाद्या धार्मिक संस्थेकडे सोपवावा की नाही. धर्माच्याच नावाने माणसे एकमेकांच्या जिवावर उठलेली असताना धर्माशी जोडलेली संस्था निःपक्षपाती कशी राहील, अशी शंका आपण व्यक्त केली आहे, आणि अशा संस्था शांततेसाठी काम करतात असे जे सांगितले जाते त्यात तथ्य किती, हेही विचारले आहे. मी मदतवाटपाच्या नियोजनाचे काम बरीच वर्षे केले असून त्यात धार्मिक आणि धर्मनिरपेक्ष अशा दोन्ही प्रकारच्या संस्थांशी माझा संबंध आला आहे. माझे उत्तर ‘द्यावा’ असे आहे. मात्र संस्था कोणत्या धर्माची आहे यापेक्षा तिची लाभार्थी यादी कोण तयार करते, हे आधी पाहावे.

धर्मसंस्थांच्या बाजूने सांगण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्या तिथे आधीपासून असतात. लढाई पेटली की बाहेरून आलेल्या कर्मचाऱ्यांना माघारी बोलावले जाते, विमानतळ बंद होतो, सरकारी कचेऱ्यांना कुलपे लागतात. पण गावातले चर्च, मशीद किंवा मठ जागचा हलत नाही, आणि कोणत्या घरात म्हातारी माणसे एकटी राहिली आहेत, कोणत्या विहिरीचे पाणी अजून पिण्याजोगे आहे, हे तिथल्या धर्मगुरूला कोणी सांगावे लागत नाही. जीव मुठीत धरून पळणारी माणसेही आधी तिथेच धाव घेतात. २०१३ च्या डिसेंबरमध्ये मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाच्या राजधानीत, बांगीमध्ये, मुख्यतः मुस्लीम असलेल्या सेलेका आणि मुख्यतः ख्रिस्ती असलेल्या अँटी-बलाका या सशस्त्र गटांतला हिंसाचार शिगेला पोचला, तेव्हा तिथले आर्चबिशप द्यूदोने न्झापालाइंगा यांनी इमाम ओमर कोबिन लायामा यांना आपल्या निवासस्थानी आसरा दिला आणि इमामसाहेब काही महिने तिथेच राहिले. हे दोघे आणि पास्टर निकोला गेरेकोयामे-बांगू मिळून धोक्याच्या वाटांनी गावोगाव फिरत होते आणि हे धर्मयुद्ध नसून सत्तेसाठी चाललेली लढाई आहे, असे प्रत्येक ठिकाणी सांगत होते. बोआली गावातल्या कॅथलिक चर्चमध्ये तर शेकडो मुस्लीम रहिवाशांनी आश्रय घेतला होता. चर्चच्या दारात शस्त्रधारी जमाव उभा असताना आत दुसऱ्या धर्माची कुटुंबे सांभाळणे, हे मदतकार्य की शांतताकार्य, असा भेद तिथे करता येत नाही, आणि माझ्या मते करूही नये.

मदत आणि मध्यस्थी यांचा संबंध कसा जुळतो याचे सर्वांत बोलके उदाहरण मोझांबिकचे आहे. १९७५ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यानंतर दोनच वर्षांनी त्या देशात फ्रेलिमोचे सरकार आणि रेनामो ही बंडखोर संघटना यांच्यात युद्ध सुरू झाले, ते पंधरा वर्षे चालले आणि त्यात व त्यामुळे पडलेल्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे दगावल्याचे मानले जाते. रोममध्ये १९६८ साली विद्यार्थ्यांनी सुरू केलेला सांत एजिदिओ हा कॅथलिक सामान्यजनांचा, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या भाविकांचा, गट या देशात प्रथम आला तो १९८० च्या दशकात, अन्न आणि औषधे घेऊन. सरकार मार्क्सवादी विचारांचे होते आणि चर्चशी त्याचे वाकडे होते, तरी या गटाने सरकारशी बोलणे तोडले नाही. दुसरीकडे बेइराचे आर्चबिशप जाइमे गोन्साल्विस यांच्यामार्फत रेनामोशीही संपर्क जुळत गेला. बोलणी सुरू करायची वेळ आली तेव्हा दोन्ही पक्षांना चालेल अशी जागा हवी होती, आणि ती या गटाच्या रोममधल्या जुन्या मठाच्या इमारतीत मिळाली. जुलै १९९० मध्ये सुरू झालेल्या वाटाघाटी दोन वर्षांहून अधिक काळ चालल्या आणि ४ ऑक्टोबर १९९२ रोजी राष्ट्राध्यक्ष जोआकिम शिसानो व रेनामोचे नेते अफोन्सो धलाकामा यांनी करारावर सह्या केल्या. मध्यस्थांपाशी ना सैन्य होते, ना धमकावण्यासाठी निर्बंधांचे हत्यार. या मध्यस्थांना यातून स्वतःसाठी काही मिळवायचे नाही, अशी दोन्ही बाजूंची खात्री पटलेली होती, आणि ती खात्री वाटाघाटींच्या आधीच्या अनेक वर्षांच्या वागण्यातून आलेली होती. अर्थात या करारामागे इटलीच्या सरकारची आणि संयुक्त राष्ट्रसंघाची ताकद होती, शीतयुद्ध संपल्यामुळे दोन्ही पक्षांची बाहेरची रसदही आटत चालली होती. केवळ सद्भावनेने युद्ध थांबले, असे मी म्हणणार नाही.

आपल्या देशातही असे घडले आहे. नागालँडमध्ये १९६४ च्या सुरुवातीला वोखा येथे भरलेल्या बाप्टिस्ट चर्चच्या अधिवेशनाने शांतता मिशन नेमण्याचा पुढाकार घेतला आणि जयप्रकाश नारायण, ब्रिटिश धर्मगुरू रेव्हरंड मायकेल स्कॉट व आसामचे मुख्यमंत्री बिमल प्रसाद चलिहा यांना त्यात बोलावले. त्या वर्षी ६ सप्टेंबरला सरकार आणि नागा बंडखोर यांच्यात शस्त्रसंधी लागू झाली. पुढच्या राजकीय बोलण्यांतून तोडगा निघाला नाही आणि मिशनही मोडले, तरी रात्रीच्या गोळीबाराला सरावलेल्या गावांना त्या काळात शेतावर जाता आले, हे विसरता कामा नये. चर्चचे वजन तिथे चालले, कारण बंडखोर आणि सरकारी नोकर दोघेही रविवारी एकाच प्रार्थनेला जाणारे होते.

पण हेच वजन उलटूही शकते. रवांडामध्ये १९९४ च्या वंशसंहाराच्या वेळी बहुसंख्य लोक ख्रिस्ती होते, मारणारे आणि मरणारे एकाच चर्चचे सभासद होते, आणि न्तारामा, न्यारुबुये, न्यांगे अशा ठिकाणी आश्रयासाठी चर्चमध्ये जमलेली माणसे तिथेच कापली गेली. न्यांगेच्या चर्चवर बुलडोझर चालवून आतल्या लोकांना ठार मारण्यात आले, आणि त्या चर्चचा धर्मगुरू अथानास सेरोम्बा याला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने या गुन्ह्यातल्या सहभागासाठी २००८ मध्ये जन्मठेप सुनावली. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ मध्ये चर्चच्या आणि चर्चमधल्या माणसांच्या पापांबद्दल क्षमायाचना केली. धर्मगुरू आहे म्हणून तो शांततेच्याच बाजूचा असेल, असे गृहीत धरणारी कोणतीही योजना मला भयावह वाटते, कारण लोक त्याच्या शब्दावर दार उघडतात.

हेतू चांगला असतानाही मदत युद्धाला कशी खतपाणी घालते, याचा धडा बियाफ्राने दिला. नायजेरियातील यादवी युद्धात, १९६८ पासून, प्रोटेस्टंट आणि कॅथलिक संस्थांनी एकत्र येऊन, नायजेरियातून फुटून निघालेल्या आणि वेढल्या गेलेल्या बियाफ्रात रात्रीच्या अंधारात विमानांनी अन्न नेले. रुंद केलेल्या रस्त्याची उली येथील धावपट्टी, दिवे क्षणभर लावून पुन्हा विझवायचे, अशा स्थितीत पाच हजारांहून अधिक फेऱ्या झाल्या आणि अनेक वैमानिकांनी त्यात प्राण गमावले. असंख्य मुले त्यामुळे वाचली. परंतु त्याच धावपट्टीवर शस्त्रांची विमानेही उतरत होती, मदतीच्या विमानांकडून घेतलेले उतरण्याचे शुल्क बियाफ्राच्या राजवटीला परकीय चलन मिळवून देत होते, आणि या मदतीने युद्ध लांबले का, हा वाद आजही मिटलेला नाही. मला स्वतःला त्या वैमानिकांबद्दल अपार आदर आहे, आणि तरीही तो वाद रास्त आहे असे वाटते.

आता यादीकडे येतो, कारण निःपक्षपातीपणा हा संस्थेच्या घोषणापत्रात कमी आणि यादीत जास्त दिसतो. गोदामात माल मोजका असतो, गरजू कुटुंबे त्याच्या कितीतरी पट असतात आणि दोन दिवसांत वाटप उरकायचे असते. अशा वेळी संस्थेचा स्थानिक कार्यकर्ता प्रार्थनास्थळाची नोंदवही उघडतो, कारण कुटुंबांची व्यवस्थित लिहिलेली तेवढीच एक नोंद हाताशी असते. त्यात त्याचा वाईट हेतू नसतो. मात्र दुसऱ्या धर्माची घरे त्या वहीत नसतात. प्रार्थनेला न येणारे, मागच्या महिन्यात नातेवाइकांकडे आसऱ्याला आलेले विस्थापित, नवऱ्याचे घर सोडलेल्या बायका, यांच्यापैकीही कोणी त्यात नसते. मग वाटप प्रार्थनास्थळाच्याच अंगणात ठेवले जाते, जिथे पाऊल टाकायला दुसऱ्या समाजाची माणसे कचरतात, आणि आठवडाभरात ‘त्यांनी आपल्याच लोकांना दिले’ ही बातमी गावभर होते. ज्या वितुष्टावर उपाय म्हणून ती संस्था आली, त्यात तिच्या पोत्यांनीच भर घातलेली असते.

यावरचे उपाय साधे आणि कष्टाचे आहेत. यादी सगळ्या समाजांच्या माणसांनी मिळून करायची, त्यात बायकांशी वेगळे बोलायचे, वाटपाच्या आधी ती उघड्यावर मोठ्याने वाचायची, हरकती घ्यायला वेळ द्यायचा, वाटप शाळेच्या किंवा बाजाराच्या मैदानावर करायचे, आणि तक्रार ऐकणारा माणूस संस्थेच्या धर्माबाहेरचा ठेवायचा. मी हजर असलेल्या एका वाचनात, मागे उभ्या असलेल्या एका बाईने, जिचे स्वतःचे नाव यादीत होते, पलीकडच्या वस्तीतल्या दुसऱ्या धर्माच्या तीन कुटुंबांची नावे घेतली आणि ती का राहिली असे विचारले. कार्यकर्त्याने ती तिथेच लिहून घेतली. त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याचे तेल थोडे कमी झाले, दोघातिघांनी कुरकुरही केली, पण पुढच्या वाटपाला त्या वस्तीतली माणसे स्वतःहून पोती उतरवायला आली. कोणत्याही सलोखा परिषदेपेक्षा त्या प्रसंगाने मला अधिक शिकवले, कारण तिथे एका समाजाच्या बाईने दुसऱ्या समाजाचा हक्क आपल्या तोंडाने आणि आपल्या पदरचे सोडून मान्य केला होता.

धर्मप्रसाराबद्दल नियम निःसंदिग्ध आहे. रेडक्रॉस चळवळ आणि स्वयंसेवी संस्था यांच्यासाठी १९९४ मध्ये तयार झालेल्या आचारसंहितेत दहा तत्त्वे आहेत. त्यांतले दुसरे सांगते की, मदत घेणाऱ्याचा वंश, पंथ वा राष्ट्रीयत्व न पाहता केवळ गरजेनुसार द्यावी, आणि तिसरे सांगते की, मदतीचा वापर कोणताही राजकीय वा धार्मिक विचार पुढे रेटण्यासाठी करू नये. अनेक मोठ्या धार्मिक संस्थांनी ही संहिता स्वीकारलेली आहे. लुथरन जागतिक महासंघ ही प्रोटेस्टंट चर्चांची संघटना आणि इस्लामिक रिलीफ ही मुस्लीम मदतसंस्था यांनी तर २०१४ मध्ये एकत्र काम करण्याचा करार केला. मला याच्याही पुढे जाऊन एक गोष्ट आवश्यक वाटते, ती म्हणजे शिधा आणि शांतता सभा यांची गाठ बांधू नये. सभेला आलात तरच पोते मिळेल, असे ठरले की माणसे येतात, माना डोलावतात, हात मिळवतात आणि घरी जाऊन आधीसारखेच वागतात. भुकेल्या माणसाकडून घेतलेली क्षमा ही जुलूमच असते.

शांततेचे काम वेगळ्या गतीने चालते. नायजेरियातील काडुना येथे इमाम मुहम्मद अशाफा आणि पास्टर जेम्स वुये हे दोघे एके काळी परस्परविरोधी सशस्त्र टोळ्यांत होते. १९९२ च्या दंगलीत वुये यांचा उजवा हात गेला, अशाफा यांचे गुरू आणि दोन चुलतभाऊ मारले गेले. १९९५ मध्ये दोघांची भेट झाली आणि त्यांनी मिळून आंतरधर्मीय मध्यस्थी केंद्र उभे केले. परस्परांविषयीचा संशय जायला वर्षे लागली, हे दोघांनीही जाहीरपणे सांगितले आहे. उत्तर युगांडात अचोली भागातल्या कॅथलिक, अँग्लिकन आणि मुस्लीम धर्मगुरूंनी एकत्र येऊन बंडखोरांशी संपर्क ठेवला, पळवून नेलेल्या मुलांना परत येता यावे म्हणून माफीच्या कायद्याची मागणी लावून धरली, आणि तो कायदा २००० मध्ये झाला. अपहरणाच्या भीतीने हजारो मुले रोज संध्याकाळी खेड्यांतून चालत गुलू शहरात झोपायला येत असत. २००३ मध्ये आर्चबिशप जॉन बाप्टिस्ट ओडामा आणि त्यांचे सहकारी काही रात्री त्या मुलांबरोबर रस्त्यावर झोपले. त्यानेच जगाचे लक्ष त्या मुलांकडे अधिक वळले. अशा कामाला पैसा थोडा लागतो आणि वेळ फार लागतो, आणि देणगीदारांना नेमके याच्या उलटे हवे असते.

आपल्या निधीविषयी प्रत्यक्ष सांगायचे तर, त्यातला मोठा भाग तातडीच्या मदतीला आणि लहान भाग निदान तीन वर्षांसाठी स्थानिक मध्यस्थांच्या प्रवासाला, बैठकींना आणि त्यांच्या कुटुंबांच्या सुरक्षिततेला द्यावा, आणि दोन्हींचे हिशेब वेगळे मागावेत. निर्णयापूर्वी संस्थेकडे मागच्या वाटपाची नावे झाकलेली यादी आणि आलेल्या तक्रारींची वही मागा. यादीत इतर समाजांचे प्रमाण त्या गावातल्या गरजेशी जुळते का, ते पाहा. तक्रार एकही आली नाही, असे उत्तर मिळाले तर ती चांगली खूण समजू नका. त्या गावातल्या दुसऱ्या धर्माच्या एखाद्या शिक्षिकेशी किंवा दुकानदाराशी, संस्थेचा माणूस समोर नसताना, आपले बोलणे करून द्यायला सांगा. जी संस्था हे बोलणे आढेवेढे न घेता जुळवून देते, तिचा धर्म कोणताही असो, तिला निधी देण्यास मी स्वतः कचरणार नाही.