कमी खर्चाच्या सुपरहिरो विनोदपटाच्या फोर-के डिस्कवर दाणे आणि मुखवट्याची कड का दिसते?

आपण विचारले आहे की, ‘द टॉक्सिक अ‍ॅव्हेंजर’सारख्या ऐंशीच्या दशकातील स्वस्त सुपरहिरो विनोदपटांच्या फोर-के डिस्क ‘रिस्टोर केलेल्या’ म्हणून विकल्या जातात, तरीही त्यांत चित्रावर दाणे दिसतात, मुखवट्याची कड उठून दिसते आणि मधूनच एखादे दृश्य धूसर होते. मग त्यात दुरुस्त केले तरी काय, आणि अशा चित्रपटासाठी इतकी मेहनत कशाला घ्यायची? मी गेली अकरा वर्षे मुंबईतील एका प्रयोगशाळेत फिल्म रिस्टोरेशनचे काम करतो आणि परदेशातून येणाऱ्या अशा चित्रपटांच्या फ्रेम साफ करण्यातच त्यांतली बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्याला खटकलेल्या तिन्ही गोष्टी बहुतेक वेळा मूळ चित्रपटातल्याच असतात आणि त्या जाणूनबुजून ठेवलेल्या असतात. आमच्या खोलीत नवा मुलगा आला की त्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली जाते : काळाने फिल्मचे जे केले ते पुसायचे आणि चित्रपट बनवणाऱ्यांनी जे केले त्याला हात लावायचा नाही. ऐकायला हे सोपे वाटते, पण स्वस्तात बनलेल्या चित्रपटात या दोहोंमधली सीमा सापडणे हेच खरे काम असते, कारण तिथे बनवणाऱ्यांच्या हातूनही ओरखडे पडलेले असतात.

आपण घेतलेलेच उदाहरण पाहू. लॉइड कॉफमन आणि मायकेल हर्झ यांच्या ट्रोमा कंपनीने १९८४ साली न्यू जर्सीत हा चित्रपट बनवला. हेल्थ क्लबमध्ये फरशी पुसणारा मेल्विन नावाचा बुजरा मुलगा विषारी रसायनाच्या पिंपात पडतो, विद्रूप आणि बलदंड होऊन बाहेर येतो आणि हातातल्या त्याच मॉपने गावगुंडांचा समाचार घेतो. न्यूयॉर्कच्या ब्लीकर स्ट्रीट सिनेमात मध्यरात्रीच्या खेळांना त्याला त्याचा प्रेक्षक मिळाला आणि पुढे व्हिडिओ कॅसेटने तो घरोघरी पोचवला. १९९१ मध्ये त्यावर मुलांसाठी कार्टून मालिका निघाली, आणि पीटर डिंकलेजला घेऊन केलेली नवी आवृत्ती २०२३ मध्ये महोत्सवात आणि २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आली. बहुतेकांच्या आठवणीत मात्र राहिली आहे ती कॅसेट. व्हीएचएस कॅसेटवर आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांइतका तपशील उमटतो. एवढ्या तपशिलात रबरी मुखवटा आणि मान यांच्यामधला सांधा दिसणे शक्यच नसते, आणि आपल्या मनातले ‘मूळ’ चित्र तेच होऊन बसते. ३५ मिलिमीटरच्या प्रिंटवर तो सांधा पहिल्या दिवसापासून होता.

इथे एक अडचण मात्र मान्य केली पाहिजे. आम्ही स्कॅन करतो ते कॅमेऱ्यातून गेलेले मूळ निगेटिव्ह. थिएटरात लागणारी प्रिंट त्या निगेटिव्हपासून दोन-तीन पिढ्या दूर असते आणि प्रत्येक पिढीत थोडा तपशील गळतो. म्हणजे फोर-के स्कॅनमध्ये जे दिसते ते त्या काळच्या कोणत्याही प्रेक्षकाने पाहिलेले नसते. उडणाऱ्या नायकाची तार प्रिंटवर काळोखात बुडेल या हिशेबानेच छायाचित्रकाराने प्रकाशयोजना केलेली असते. म्हणून चांगला कलर ग्रेडर (चित्राचा रंग आणि उजेड ठरवणारा) शेजारी एक जुनी प्रिंट लावून काम करतो आणि सावल्या तितक्याच गडद ठेवतो, की तार आपोआप काळोखात जाते. ती खोडून टाकायची नाही, मूळ काळोख परत आणायचा, हे मला पूर्णपणे पटते. एचडीआरच्या, म्हणजे उजेड-अंधाराचा पल्ला वाढवणाऱ्या तंत्राच्या, मोहात सावल्या उजळवल्या की तार दिसू लागते, आणि मग तीच तार कोणीतरी संगणकावर पुसून टाकतो. अशा वेळी एका चुकीवर दुसरी चूक चढते.

कामाची सुरुवात अर्थातच निगेटिव्ह शोधण्यापासून होते आणि कमी खर्चाच्या चित्रपटात हाच सर्वांत नाजूक टप्पा असतो. मोठ्या स्टुडिओची निगेटिव्हे थंड कोठारात असतात, तर छोट्या निर्मात्याची बंद पडलेल्या लॅबच्या तळघरात, गॅरेजमध्ये किंवा ज्याने भाडे थकवले त्याच्या गोदामात पडलेली असतात. डबा उघडल्याबरोबर व्हिनेगरचा वास आला तर समजायचे की फिल्मचा अ‍ॅसिटेट पाया विघटित होत आहे. त्यातून सुटणारे आम्ल पुढच्या विघटनाला वेग देते, फिल्म आकसते, वाकते आणि स्कॅनरच्या दातांवर बसेनाशी होते. उष्ण आणि दमट हवेत हे फार लवकर घडते, त्यामुळे मुंबईत काम करणाऱ्याला हा वास नवा नसतो. अशा विस्मृत चित्रपटांच्या डिस्क काढणाऱ्या एका अमेरिकी कंपनीने स्वतःचे नावच ‘व्हिनेगर सिंड्रोम’ ठेवले आहे.

निगेटिव्ह सापडले तरी ते पूर्ण असेलच असे नाही. अमेरिकेत ‘आर’ प्रमाणपत्र (सतराखालील मुलांना पालकांसोबतच प्रवेश) मिळवण्यासाठी हिंसेची दृश्ये कमी करावी लागत. पैसेवाला निर्माता त्यासाठी दुय्यम निगेटिव्ह बनवून घेई, पण ज्याच्याकडे तेवढे पैसे नसत तो मूळ निगेटिव्हलाच कात्री लावे. कापलेले तुकडे नशीब असेल तर वेगळ्या डब्यात मिळतात, नाहीतर न कापलेल्या एखाद्या जुन्या प्रिंटमधून तेवढी सेकंदे घ्यावी लागतात. आपल्याला मधूनच धूसर वाटणाऱ्या दृश्यांचे एक कारण हे असू शकते. दुसरे आणि जास्त नेहमीचे कारण म्हणजे ऑप्टिकल प्रिंटर. श्रेयनामावली, एका दृश्यातून दुसऱ्यात विरघळणे, नायकाच्या डोळ्यांतून निघणारे किरण, हे सगळे त्या काळी फिल्मवरून पुन्हा फिल्मवर छापून केले जाई. त्यामुळे तेवढा भाग एक पिढी मागे जातो, दाणे जाड होतात आणि रंग किंचित फिके पडतात. ‘विरघळणे’ सुरू होण्याच्या नेमक्या फ्रेमला चित्र बदलते आणि ते संपताच परत लख्ख होते. एकदा लक्षात आले की हे प्रत्येक जुन्या चित्रपटात दिसू लागते.

स्कॅनिंगच्या वेळी फिल्म एका द्रवातून नेता येते, त्याला वेट गेट म्हणतात. या द्रवाचा अपवर्तनांक फिल्मच्या पायाच्या जवळपास असल्यामुळे मागच्या बाजूचे ओरखडे त्याने भरून निघतात आणि प्रकाश तिथे विखुरत नाही. संगणकाला हात लावण्याआधीच निम्मे रान साफ होते. ८२ मिनिटांचा चित्रपट म्हणजे सेकंदाला २४ याप्रमाणे १,१८,०८० फ्रेम. फिल्मच्या पूर्ण चौकटीच्या फोर-के स्कॅनमधली एक फ्रेम सुमारे ५० मेगाबाइटची धरली तर जवळपास सहा टेराबाइट सामग्री आमच्यापुढे येते आणि तिच्यातून शेवटी कमाल १०० गिगाबाइटच्या डिस्कवर बसेल एवढे ठेवायचे असते.

त्यानंतर सुरू होते साफसफाई. निगेटिव्हवर बसलेली धूळ पडद्यावर पांढरी दिसते आणि प्रिंटवर बसलेली काळी, त्यामुळे डाग पाहूनच तो कोणत्या पिढीत पडला हे कळते. या टप्प्यावर मी स्वतः केलेली एक चूक सांगतो, कारण आपल्या प्रश्नाचा गाभा तिच्यात आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एक अमेरिकी सुपरहिरो विनोदपट आला होता. करारामुळे त्याचे नाव देता येत नाही. त्यात नायक हिरव्या द्रवाने भरलेल्या टाकीतून पहिल्यांदा उसळून वर येतो. त्या रिळावर धूळ फार होती, म्हणून मी धूळ काढणारी स्वयंचलित प्रक्रिया जोरात लावून रात्रभर सोडून दिली. हे सॉफ्टवेअर मागची आणि पुढची फ्रेम ताडून पाहते, मधल्या एकाच फ्रेममध्ये जे दिसेल त्याला धूळ समजते आणि ती जागा शेजारच्या फ्रेममधून भरून काढते. वेगाने उडणारा थेंबही त्या जागी एकाच फ्रेमपुरता असतो. सकाळी आमच्या विभागप्रमुख मॅडमनी मूळ स्कॅन आणि माझे काम शेजारी शेजारी लावले, दोनदा मागेपुढे केले आणि एवढेच विचारले, “अरे, पाणी कुठं गेलं?” धूळ गेली होती आणि तिच्याबरोबर सगळे शिंतोडेही. कोणीतरी रात्री जागून बादलीत रंग कालवला होता, नटाने तो अंगावर घेतला होता, आणि मी ते सगळे केर म्हणून काढून टाकले होते. त्या ६३ फ्रेम मी दोन दिवस बसून हाताने केल्या; प्रत्येक ठिपक्यापाशी थांबून हा थेंब की धूळ, एवढाच निर्णय घेत गेलो. तेव्हापासून स्फोट, पाऊस, ठिणग्या आणि उडणारा चिखल असलेल्या शॉटवर मी स्वयंचलित प्रक्रिया लावत नाही.

दाण्यांची गोष्टही अशीच आहे. फिल्मवर चित्र उमटते ते दाण्यांतूनच, त्यामुळे दाणे ‘काढले’ की त्यांच्याबरोबर त्वचेची छिद्रे, कापडाचा पोत आणि मुखवट्यावरचा रंगाचा थरही जातो आणि माणसे मेणाची दिसू लागतात. स्वस्त चित्रपटात दिवे कमी असत, रात्रीची दृश्ये वेगवान, म्हणजे कमी उजेडातही चित्र टिपणाऱ्या, फिल्मवर घेतली जात, म्हणून दाणे आणखी जाड. ते त्या चित्रपटाचे अंग आहे आणि माझ्या मते ज्या डिस्कवर ते दिसतात तीच डिस्क विश्वासार्ह मानावी.

कॅसेटच्या बाबतीत एक अन्यायही दूर होतो. त्या काळी बरेच चित्रपट ३५ मिलिमीटरच्या पूर्ण फ्रेमवर घेतले जात आणि थिएटरात वरखाली झाकून १.८५ या रुंद प्रमाणात दाखवले जात. कॅसेटसाठी कित्येकदा ते झाकणच काढले गेले, आणि वरून डोकावणारा माइक पाहून लोकांनी निर्मात्यांना अडाणी ठरवले, जरी त्यांनी तो चौकटीबाहेरच धरला होता. नव्या डिस्कवर चौकट मूळ प्रमाणात आली की माइक नाहीसा होतो आणि त्यासाठी एकही पिक्सेल पुसावा लागत नाही. मात्र कॅमेऱ्याच्या गेटमध्ये अडकून थरथरणारा केस चित्रीकरणाच्या वेळचाच असतो. तो ठेवावा की काढावा यावर आमच्यात आजही वाद होतात. मी ठेवण्याच्या बाजूचा आहे. आवाजाबद्दल एवढेच सांगतो की मूळ मोनो ट्रॅक डिस्कवर नसेल आणि फक्त नवा ५.१ (अनेक स्पीकरांसाठीचा सराउंड आवाज) असेल, तर ते रिस्टोरेशन अर्धे समजावे.

हे सारे फिल्मवरच्या चित्रपटांबाबत झाले. आपल्याकडे मालेगावात शेख नासिर यांनी केलेला सुपरमॅन, ज्याच्या निर्मितीवर फैझा अहमद खान यांनी माहितीपट केला, तो व्हिडिओवर घेतलेला आहे. त्या पिढीच्या डिजिटल व्हिडिओची चौकट आपल्याकडे ७२० गुणिले ५७६ एवढीच असे. तिथे परत जावे असे कोणतेही निगेटिव्ह नसते, त्यामुळे टेप खराब होण्याआधी तिची जशीच्या तशी डिजिटल नक्कल घेणे आणि एकाआड एक रेषांचे चित्र नीट सोडवणे, इतकेच प्रामाणिकपणे करता येते. अशा चित्रपटाला कृत्रिम बुद्धिमत्तेने फोर-के केले तर त्यात सुपरमॅन झालेल्या शफीकचा चेहरा यंत्राने कल्पिलेला चेहरा होईल, आणि हिरव्या कापडापुढे आडवे होऊन ‘उडणाऱ्या’ त्या माणसाच्या बाबतीत मला ते मुळीच चालणार नाही.

मेहनत कशासाठी, याचे व्यवहारी उत्तर असे की या चित्रपटांचे चाहते डिस्क विकत घेतात, जपतात आणि एका शॉटच्या रंगावरून पत्रे लिहितात. छोट्या कंपन्या त्यांच्याच जिवावर चालतात. माझे स्वतःचे उत्तर वेगळे आहे. पैसे नसताना माणसांनी हाताने काय काय घडवले, याचा पुरावा त्या फ्रेममध्ये असतो, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांचे दुसरे कोणतेही काम शिल्लक राहिलेले नसते. मुखवट्याची कड ही त्या मेकअप करणाऱ्याच्या हाताची खूण आहे.

आपण डिस्क मागवणार असाल तर एक लक्षात ठेवा : साध्या ब्लू-रेला प्रदेशाचे कुलूप असू शकते, अमेरिका ‘ए’ मध्ये आणि भारत ‘सी’ मध्ये येतो, त्यामुळे तिकडची डिस्क इथल्या प्लेअरवर न चालण्याची शक्यता असते. फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कला असे कुलूप नसते. आणि पाहायला बसण्यापूर्वी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन नॉइज रिडक्शन आणि मोशन स्मूदिंग ही दोन्ही बंद करा, नाहीतर आम्ही ठेवलेले दाणे आणि शिंतोडे टीव्हीच पुसून टाकेल.