‘कल्चरल बर्निंग’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: ऑस्ट्रेलियातले आदिवासी मोठे वणवे टाळण्यासाठी आपणहून रानाला आग लावतात, त्यावरचा लेख मराठीत करायचा आहे. ‘कल्चरल बर्निंग’ला ‘सांस्कृतिक दहन’ म्हणावे, की ‘नियंत्रित वणवा’?

माझ्या मते दोन्ही नकोत. ‘दहन’ म्हटले की होळी आठवते, नाहीतर स्मशान. ‘सांस्कृतिक’च्या मागे तर आपल्याकडे ‘कार्यक्रम’ जणू आपोआपच येतो. आणि ‘नियंत्रित वणवा’ हे शब्द एकमेकांशीच भांडतात. आवरता येते तोवर ती आग असते, आवरेनाशी झाली की वणवा.

क्रियापदेही पाहा. वणवा लागतो, पेटतो, पसरतो, सगळे आपोआप. कोणी ‘लावला’ म्हटले की लगेच आरोपी शोधायचा. ‘आग लावणे’ याचा मराठीतला दुसरा अर्थ सर्वांना ठाऊक आहेच. म्हणजे ‘आदिवासी जंगलाला आग लावतात’ असे लिहिले की ज्ञानाविषयीचे वाक्य फिर्यादीसारखे वाचले जाते. (संस्कृतात ‘दव’ आणि ‘दाव’ या शब्दांचे रान आणि रानातली आग असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीतला ‘दावानल’ त्यातलाच.)

शब्द ठरवण्याआधी प्रत्यक्ष काय करतात ते पाहू. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्न्हेम लँडमध्ये पावसाळा सरल्यावर लगेच, गवतात ओल असतानाच, जागा निवडून लहान लहान आगी लावतात. जाळ बुटका राहतो, झाडांच्या शेंड्यांपर्यंत जात नाही, आणि रात्री दव पडले की बहुधा आपणच विझतो. जळालेले आणि न जळालेले असे तुकडे शेजारी शेजारी राहतात. पुढे कडक कोरड्या दिवसांत वीज पडून आग लागली, तरी या जळालेल्या पट्ट्यांशी ती अडते. माणसे तिथून हलवली गेली, वस्त्या रिकाम्या झाल्या, तेव्हा हे काम थांबले आणि हंगामाच्या अखेरीच्या प्रचंड आगी वाढल्या. तिथल्या वनरक्षकांनी वडीलधाऱ्यांना विचारून ते पुन्हा सुरू केले. लवकर जाळल्याने मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड कमी बाहेर पडतात. म्हणून डार्विन शहराजवळच्या नैसर्गिक वायू प्रकल्पाने उत्सर्जनाच्या भरपाईपोटी या कामाला पैसे देण्याचा करार 2006 मध्ये केला.

पुरातत्त्वज्ञ रीस जोन्स यांनी 1969 मध्ये या रीतीला ‘फायरस्टिक फार्मिंग’ असे नाव दिले. नाव बाहेरच्याचे, पण हुशारीचे. ही नासधूस नसून मशागत आहे, हे दोन शब्दांत कळते. मराठी शब्दानेही एवढे तरी करावे.

कॅलिफोर्नियात कारुक आणि युरोक लोक हेझलची झुडपे जाळत, कारण जाळल्यानंतर फुटणारे सरळ, लवचीक कोंब टोपल्या विणायला लागतात. ओकखालचा पाचोळा जाळला की फळांतली कीड कमी होते. तिथे 1850 च्या कायद्याने गवताळ रानाला आग लावणे दंडनीय ठरवले. दाट साठलेल्या पाचोळ्याचे पुढे काय होते, ते अलीकडच्या उन्हाळ्यांत दिसलेच आहे.

आणि एवढे लांब कशाला जायचे? कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन डोंगरातल्या सोलिगा जमातीकडे या आगीला स्वतंत्र नावच आहे: ‘तरगु बेंकी’, पाचोळ्याची आग. उन्हाळा तापण्याआधी ती जमिनीलगत फिरवत. तो भाग 1974 मध्ये अभयारण्य झाला, आगीवर बंदी आली. पुढे घाणेरीच्या (लँटाना) झुडपांनी रान व्यापले. आग थांबली म्हणून घाणेरी माजली आणि आवळ्यावर बांडगूळ वाढले, असे सोलिगा सांगत आले. संशोधकांनी हे म्हणणे गंभीरपणे घेऊन त्यावर अभ्यास प्रसिद्ध केले आहेत. ‘तरगु बेंकी’ या नावात ‘संस्कृती’ नाही, ‘नियंत्रण’ही नाही, काय जळते तेवढेच सांगितले आहे. मला ते फार आवडते.

मराठीत या कुळातला शब्द आहे ‘भाजावळ’. कोकणात भाताची रोपे करण्याच्या जागेवर पालापाचोळा, गवत, शेण पसरून पेटवतात, तो राब; आणि हे भाजण्याचे काम म्हणजे भाजावळ. जमीन ‘जाळतात’ असे तिथे कोणी म्हणत नाही, ‘भाजतात’ म्हणतात. जाळण्यात वस्तू संपते, भाजण्यात ती उपयोगी होते. सारी खुबी या क्रियापदात आहे. भाजावळ शेताची असते, रानाची नसते, ही अडचण खरी. म्हणून सुटा शब्द न वापरता ‘रानाची भाजावळ’ लिहावे. ‘रानभाजणी’ सुचली होती, पण ती थालीपिठाकडे जाते.

वनखात्याची ‘जाळरेषा’ इथे चालणार नाही. ती आग अडवण्यासाठी मोकळी केलेली पट्टी आहे, आणि तिच्यात कोंब, फळे, चारा यांचा विचार नाही. उलट, प्रत्येक आगीला भाजावळ म्हणून गौरवू नये. मोहफुले नीट वेचता यावीत म्हणून झाडाखाली पेटवलेला पाला हाताबाहेर गेला, तर तो वणवाच. लावणारा कोणत्याही जमातीचा असो.

लेखात ‘पारंपरिक’ हे विशेषणही जपून वापरा. त्याने ठरल्या तिथीचा विधी डोळ्यांपुढे येतो. इथे तर गवत किती वाळले, वारा कुठून आहे, पक्ष्यांची घरटी आहेत का, हे दर वर्षी नव्याने पाहावे लागते. शक्य तिथे सरसकट ‘आदिवासी’ न लिहिता लोकांचे नाव लिहा. वाक्य असे होईल: ‘गवत पुरते वाळण्याआधी आर्न्हेम लँडमधले लोक रान तुकड्यातुकड्याने भाजून घेतात.’ ‘भाजून घेतात’ यातला ‘घेतात’ गाळू नका. रान त्यांचे आहे, हे त्यातूनच कळते.