ट्रेलर घेऊ का छोटा हत्ती?

प्रश्न : सर नमस्कार, मी नाशिकला सिडकोत राहतो, सध्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. मला सोसायट्यांची पार्किंग, कंपाउंड वॉल, पेव्हर ब्लॉक, सोलर पॅनल वगैरे धुवून द्यायचा धंदा चालू करायचाय. माझे मेहुणे टेक्सासला आहेत, त्यांनी तिकडच्या लोकांचे व्हिडिओ पाठवले, पिकअपच्या मागे ट्रेलर, त्यावर मोठी पाण्याची टाकी, प्रेशरने पाणी मारणारं मशीन, पाईपचे रीळ, एकदम भारी सेटअप. अंबडमधला एक फॅब्रिकेटर तसाच ट्रेलर बनवून देतो म्हणतोय. टाकी 1000 लिटरची बसवू का? आणि ओढायला माझी कार चालेल का?

उत्तर : भाऊ, फॅब्रिकेटरला अॅडव्हान्स दिला नसेल तर थांबा जरा. तिकडे ट्रेलर चालतो कारण रस्ते रुंद, घरासमोर मोकळा ड्राइव्हवे, आणि ओढायला पिकअपही तशीच दणकट. आपल्याकडे सोसायटीच्या गेटमधून वॉचमनच्या खुर्चीला वळसा घालून ट्रेलर रिव्हर्स घेऊन बघा एकदा, म्हणजे कळेल मी काय म्हणतोय ते. शिवाय आपल्या कायद्यात ट्रेलर हासुद्धा मोटार व्हेइकलच धरतात, त्याचं वेगळं रजिस्ट्रेशन लागतं, नुसतं वेल्डिंग करून हूक लावला आणि निघालो असं होत नाही.

आता 1000 लिटरचं. एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणजे तुम्ही कारच्या मागे एक टन पाणी बांधणार, वर लोखंड आणि मशीन वेगळं. पाथर्डी फाट्याला कुणी अचानक आडवा आला की ते एक टन ब्रेक लावत नाही हो, ते तुम्हालाच पुढे ढकलतं. आणि टाकी अर्धी असली तर अजून वाईट, पाणी आत हिंदकळतं आणि वळणावर सगळं वजन एका बाजूला जातं. म्हणून टाकी कितीची का असेना, आत पाणी अडवणारे आडवे पडदे असलेली घ्या आणि प्रवासात एकतर पूर्ण भरलेली ठेवा नाहीतर पूर्ण रिकामी.

माझं मत विचाराल तर ट्रेलर विसरा, जुना छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस बघा. त्यातल्या एस गोल्डला साधारण 750 किलो माल चालतो. त्यात 500 लिटर पाणी म्हणजे 500 किलो, इंजिन-पंप सत्तरेक, अँगलची फ्रेम नव्वद, रीळ आणि पाईप चाळीस, केमिकलचा कॅन चाळीस, झाली की 740, रिकाम्या टाकीचं वजन आणि मागे बसणारा पोरगा अजून धरलाच नाहीये. म्हणून 300 लिटर बास. कमी वाटतंय ना? पण ही टाकी साठ्यासाठी नाहीच, सोसायटीचा नळ आणि तुमचा पंप यांच्या मधली उशी आहे. टाकीला बॉल कॉक लावा, म्हणजे भरली की पाणी आपोआप बंद होतं, नळाचा पाईप जोडून ठेवा. कोटेशन द्यायला जाल तेव्हा 20 लिटरची बादली घेऊन जा आणि नळाखाली धरा. दीड मिनिटात भरली तर नळ मिनिटाला 13 लिटर देतोय, मशीन 15 लिटर ओढतंय, म्हणजे टाकीतून जातात फक्त दोनेक लिटर, गन सतत चालू ठेवली तरी अडीच तास आरामात निघतात. नळाला धार नसेल तर टँकरचा खर्च कोटेशनमध्ये आधीच टाकायचा, काम चालू झाल्यावर भांडायचं नाही.

मशीन निवडताना नुसता बार, म्हणजे पाण्याचं प्रेशर बघू नका, दुकानदार तेवढंच सांगतो. बार गुणिले मिनिटाचे लिटर, भागिले 600, की पाण्यात उतरणारे किलोवॅट येतात. 150 बार आणि 15 लिटर म्हणजे पावणेचार, मग पेट्रोल इंजिन आठ-नऊ हॉर्सपॉवरचं तरी हवंच. मात्र हे इंजिन बेसमेंट पार्किंगमध्ये अजिबात उतरवायचं नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळतसुद्धा नाही आणि माणूस बसल्या जागी जातो. गाडी रॅम्पच्या वर उभी करा आणि 50 मीटरचा पाईप खाली सोडा, रीळ त्यासाठीच घ्यायचंय.

सगळं सामान एका फ्रेमवर बसवा आणि फ्रेम नट-बोल्टने हौद्याला आवळा, खाली रबर पॅड. हौदा कापून कायमचं वेल्डिंग करू नका, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये गाडीत परस्पर बदल करायला मनाई आहे. आणि फ्रेम सुटी असली की भर पावसाळ्यात काम थंड असताना गाडी भाड्याने मालाला लावता येते. लायसन्सचं टेन्शन घेऊ नका, एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर एकूण वजन 7500 किलोपर्यंत असलेली मालगाडी चालवता येते, सुप्रीम कोर्टाने 2024 मध्ये परत तेच सांगितलंय.

सोलरला ही गन लावायचीच नाही. मऊ ब्रश, हलकं पाणी, सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं की तडा जाऊ शकतो, आणि बोअरचं जड पाणी वाळलं की पांढरे डाग राहतात.

प्रश्न : आम्ही दोघं नवरा-बायको कोल्हापुरात हेच काम करतो. पावसाळ्यानंतर शेवाळाची खूप कामं येतात. हायपोने (सोडियम हायपोक्लोराइट, ब्लीचचं द्रावण) शेवाळ जातं पण कोटा फरशीवरचे पांढरे थर जात नाहीत, दोन्ही एकदम मारलं तर चालेल का, म्हणजे हायपोत थोडं अॅसिड?

उत्तर : ताई, नाही नाही नाही. हायपो आणि अॅसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, छाती भरून येते, बंद जागेत जीव जातो. दोघांचे कॅन गाडीतसुद्धा वेगवेगळ्या टोकाला ठेवा, मग-बादलीही वेगळी. तसंही कोटा म्हणजे चुनखडीच, अॅसिड थराबरोबर फरशीची पॉलिशही खातं आणि मग गिऱ्हाईक पैसे कापतं. कडप्प्याचंही तेच. तिथे पॅड आणि फरशीचा न्यूट्रल क्लीनर, वेळ लागतो, तो रेटमध्ये धरा. हायपो मारायच्या आधी कुंड्या साध्या पाण्याने भिजवून घ्या, काम झाल्यावर परत धुवा. आणि पेव्हर ब्लॉकला नोझल हिरवं, 25 डिग्रीचं, लाल म्हणजे शून्य डिग्रीच्या नोझलचं पाणी सांध्यातली वाळू उपसून काढतं, नंतर ब्लॉक हलायला लागले की फोन तुम्हालाच येणार.