माणसं खोटं का बोलतात यावर प्रयोग करणारे मानसशास्त्रज्ञ डॅन एरिअली यांनी खरंच आकडे बनवले होते का? त्यांच्या प्रयोगावर एम.ए.चा प्रकल्प घ्यावा का?

मी मानसशास्त्राचा माणूस नाही. जळगावात मोटार विम्याचा सर्व्हेयर आहे, गाडी ठोकली की नुकसान बघायला जातो. तरी तुम्हाला उत्तर देणार, कारण ज्या पेपरवरून एवढं रामायण झालं तो माझ्या धंद्यातला आहे.

2012 चा पेपर. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीच्या ग्राहकांनी गाडीचं मीटर किती झालं ते फॉर्मवर लिहून द्यायचं होतं. काहींच्या फॉर्मवर 'वरील माहिती खरी आहे' छापाची सही शेवटी, काहींच्या फॉर्मवर सुरुवातीलाच. सुरुवातीला सही केलेल्यांनी सुमारे 10 टक्के जास्त मैल दाखवले. मैल कमी दाखवले तर हप्ता कमी बसतो, म्हणून निष्कर्ष असा की आधी सही घेतली की माणूस खरं लिहितो. लेखक पाच, त्यात एरिअली, आणि विमा कंपनीशी संपर्क एकट्या एरिअलींचा.

हे आमच्यापर्यंत आलं ते एका ट्रेनरच्या तोंडून. मी ज्या कंपन्यांची कामं करायचो त्यांतल्या एकीने हायवेवरच्या हॉटेलात दिवसभराचं शिबिर ठेवलं होतं. त्याने पडद्यावर दोन फॉर्म दाखवले आणि सांगितलं, सही वर न्या, खोटे क्लेम आपोआप कमी होतील. मी उभा राहून म्हटलं, साहेब, आमच्याकडे क्लेम फॉर्म भरतो एजंट. जिथे सही हवी तिथे पेन्सिलने फुली मारतो आणि गाडीमालक फुलीवर सही करतो. सही वर आहे की खाली, त्याला काय कळणार? साहेबांनी मला सगळ्यांसमोर बसवलं. म्हणे सर्व्हेयरने सर्व्हे करावा. पुढे फॉर्म बदललेही.

त्यानंतरचा एक क्लेम सांगतो. पारोळ्याजवळ कापूस नेणारी पिकअप नाल्यात गेली होती. फॉर्मवर वरच झोकदार सही आणि खाली मीटर: 60,000. मी दार उघडून बघितलं तर काचेच्या आत धूळ बसलेली आणि आकडा थांबला होता 87,412 वर. ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, "भाऊ, काटा तं बंद शे, तुम्ही लिखी ल्या." त्याला कोणाला फसवायचं नव्हतं. क्लेम खरा होता, मी पासही केला. पण मीटर विचारलं की माणूस साठ हजार, ऐंशी हजार, फार तर पंचाहत्तर हजार सांगतो. 87,412 कोणी सांगत नाही. ते वाकून बघावं लागतं.

हेच मी त्या हिवाळ्यात बामणोदला भरीत पार्टीत साडूंना सांगितलं. आमचे साडू प्राध्यापक, एरिअलींची पुस्तकं त्यांना पाठ. ते म्हणाले, "तुमचा तो अनुभव, हा डेटा." आणि मग त्यांनी भाजण्याची गोष्ट सांगितली, जी तुम्हालाही माहीत असेल. एरिअली अठराच्या आसपास असताना स्फोटात त्यांचं सुमारे 70 टक्के अंग भाजलं. परिचारिका पट्ट्या झटकन ओढून काढायच्या, तेच बरं असं त्यांचा अनुभव सांगत होता. एरिअलींनी पुढे वेदनेवर प्रयोग केले आणि सावकाश काढलेलं जास्त सोसवतं असं दाखवलं. साडूंचा मुद्दा हा की फील्डवरच्या माणसाचा अनुभव असाच फसवा असतो. भाकरी हातात तशीच राहिली माझ्या. गोष्ट मला आवडली होती आणि आजही आवडते. पण तिच्यावरून माझं तोंड बंद करणं मला मान्य नव्हतं.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. 2020 साली त्याच लेखकांनी इतरांसोबत प्रयोग पुन्हा केले, परिणाम मिळाला नाही, आणि त्यांनी जुन्या प्रयोगाचे मूळ आकडे खुले केले. 2021 च्या ऑगस्टमध्ये 'डेटा कोलाडा' हा ब्लॉग चालवणाऱ्या तीन संशोधकांनी त्यातलं पितळ उघडं पाडलं. 13,488 पॉलिसींच्या त्या तक्त्यात मीटरच्या दोन नोंदींच्या मधल्या काळात चाललेलं अंतर बघितलं तर गाड्या शून्य ते 50,000 मैल अशा सारख्याच विखुरलेल्या. हजार मैल चाललेल्या जेवढ्या, चाळीस हजारवाल्याही जवळपास तेवढ्याच, आणि 50,000 च्या वर एकही नाही. वकिलाची गाडी आणि काळी-पिवळी एकाच मापाने चालतात का हो? त्याहून मोठं म्हणजे, ग्राहकांनी स्वतः लिहिलेल्या आकड्यांत गोल आकड्यांकडे कलच नव्हता. निम्मे आकडे एका फॉन्टमध्ये, निम्मे दुसऱ्या, आणि दुसऱ्यातले आकडे पहिल्याचीच थोडा फरक करून काढलेली नक्कल. त्याच वर्षी पेपर मागे घेतला गेला. म्हणजे नऊ वर्षं जगभर फॉर्म बदलले गेले आणि तक्ता उघडून बघायला नऊ वर्षं लागली. आमच्याकडे मीटरचा फोटो नसेल तर दुसऱ्या दिवशी फाइल परत येते.

साडूंना मी हे कळवलं. ते म्हणाले, एका पेपरने शास्त्र बुडत नाही. मी म्हटलं, नाहीच बुडत. पण त्या दिवशी तुम्ही शास्त्राच्या बाजूने बोलत नव्हतात, नावाच्या बाजूने बोलत होतात. आकडे उघडून बघणारे ते तिघे शास्त्राच्या बाजूचे.

आता तुमचा पहिला प्रश्न. आकडे बनावट होते याबद्दल वाद उरलेला नाही, एरिअलींनीही तो घातलेला नाही. कोणी बनवले हे सिद्ध झालेलं नाही. फाइलवर निर्माता म्हणून त्यांचं नाव होतं, पण आपण आकडे बदलले नाहीत, ते कंपनीकडून आले, असं ते पहिल्यापासून सांगतात. कंपनीने 2023 मध्ये सांगितलं की आम्ही दिलेल्या आकड्यांत फेरफार झालेला आहे. 2024 मध्ये एरिअलींनी कळवलं की ड्यूक विद्यापीठाच्या चौकशीत त्यांनी आकडे खोटे केल्याचा किंवा जाणूनबुजून खोटे वापरल्याचा पुरावा सापडला नाही. तेव्हा त्यांना खोटारडा म्हणू नका, मीही म्हणत नाही. त्याच पेपरच्या सहलेखिका फ्रान्सेस्का जिनो यांचं प्रकरण वेगळं आहे, त्यांची हार्वर्डची कायम नेमणूक 2025 मध्ये काढून घेतली गेली. दोन्ही एकत्र कालवू नका.

प्रकल्पाचं म्हणाल तर सहीचा प्रयोग घेऊ नका. बायबलमधल्या दहा आज्ञा आठवायला लावल्या की माणूस कमी फसवतो, हा त्यांचा प्रयोगही नको, 2018 मध्ये अनेक प्रयोगशाळांनी तो पुन्हा केला तेव्हा परिणाम दिसला नव्हता. त्यापेक्षा अजिंठा चौफुलीला गॅरेजवर उभे राहा. गाडी आली की आधी ड्रायव्हरला किलोमीटर विचारा, मग वाकून मीटर बघा, दोन्ही लिहा, फोटो काढा. लोक किती गोल करतात आणि कोणत्या दिशेला, यावर तुमचा अख्खा प्रकल्प होईल. तक्ता पहिल्या दिवसापासून मार्गदर्शकांना उघडा ठेवा. ते म्हणाले की हा नुसता अनुभव आहे, तर फोटो पुढे ठेवा.